तीन नंबरच्या पंपाला लागलेली सवय

"तुमचा विश्वास बसणार नाही, जावईबापू, आणि बसला तर मलाच तुमची काळजी वाटेल. पण एका काकडीपायी आमचं अख्खं शहर तीन दिवस कोरडं राहिलं होतं."

मी हे बोललो तेव्हा टेबलाभोवती कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मिस्त्रीची लेक वाढायचा डाव हातात धरून उभी होती. जावई ताटातल्या भातावर बोटाने रेघ ओढत बसला होता. आणि पंपघरात माझ्याबरोबर उभा जन्म घालवलेला मिस्त्री रस्सा ओरपत होता. ओरपत होता हे आपलं लिहायचं म्हणून लिहिलं. तो रस्सा वर खेचत होता, विहिरीतून पाणी नळीत चढावं तसा, आणि शेवटी थोडी हवाही.

झालं होतं असं, की त्या दुपारी टेबलावर तीनच ताटं मांडली होती. चौथं आतल्या खोलीत, मिस्त्रीच्या पलंगाजवळच्या स्टुलावर झाकून ठेवलं होतं. मिस्त्री आत गेला, झाकण काढून पाहिलं, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर आणून आपल्या नेहमीच्या जागेवर ठेवलं.

"बाबा, काल बोललो होतो ना आपण," जावई म्हणाला. आवाज चढवला नव्हता, माणूस सभ्य आहे. "तुम्ही आत निवांत जेवा. डोक्यात जातो हो तो आवाज."

"तुम्ही बोलला होतात," मिस्त्री म्हणाला. "मी जेवत होतो."

आणि तो जेवायला लागला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. काका, काहीतरी करा, असं ते पाहणं होतं. मला काही करता येत नाही, सांगता येतं.

"काकडी?" जावयाने नाइलाजाने विचारलं.

"काकडीच. तुमच्या सासऱ्यांनी काकडीचा तुकडा मोडला की पंपघराच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. शेजारच्या शाळेतली पोरं मधली सुट्टी झाली समजून बाहेर पडायची."

"तिथे शाळा नव्हती, काका," लेक म्हणाली.

"लांबची होती. मधे बोलू नकोस."

आता ह्यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं सांगायला मोकळा. मिस्त्री पंपाचं दुखणं दातांनी ऐकायचा. पोलादी सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचा, दुसरं दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. मी दर तासाला मीटरचे काटे बघून वहीत आकडे मांडणारा. माझ्या वहीत सगळं ठीक असायचं. तो सळई काढून सांगायचा, दोन नंबरचा पंप आठवड्यात बसेल. बसायचा. कानाला आवाज कळतो, दाताला दुखणं कळतं, असं त्याचं म्हणणं. असल्या दातांनी माणूस हळूच कसा चावेल?

"तर आमच्यावर एक साहेब होता," मी जावयाला म्हणालो. "कान इतका नाजूक की मुंगी चालली तरी दचकायचा. आमच्याच खोलीत, आमच्याच टेबलाला जेवायला बसायचा. ह्यांनी घास उचलला की साहेबाची मान ताठ. आवाज नंतर यायचा, मान आधी. आता येणार, आता येणार, ह्यातच त्याचं जेवण संपायचं. आवाज आला की उलट सुटल्यासारखं वाटायचं, पण तोवर दुसरा घास हातात."

जावयाचं बोट थांबलं. "अगदी असंच होतं," तो हळूच म्हणाला. "आणि सांगायला गेलं की आपणच वाईट ठरतो. तुम्हाला कसं कळलं, काका?"

"साहेब सांगायचा ना मला."

मिस्त्रीने कांदा कचकन चावला. जावयाची मान ताठ झाली.

"मग एक दिवस साहेबाने हुकूम काढला. मिस्त्रीने डबा घेऊन बाहेर पायरीवर जेवायचं. मिस्त्री गेले. आत शांतता. साहेब खूश. आणि त्याच दुपारी तीन नंबर अडखळायला लागला."

"पंप?"

"पंप. सवय झाली होती हो त्याला. वर्षानुवर्षं बाराच्या ठोक्याला ह्यांच्या चावण्यावर ताल धरून चालायचा. ताल गेला, पाणी चढेना. एक दिवस, दोन दिवस. शहरातले नळ नुसते खोकायला लागले. वरून इंजिनिअर आले, पेट्याच्या पेट्या यंत्रं घेऊन. पंप उघडला, पुसला, मिटला. काही नाही. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः पायरीवर गेला, ह्यांचा डबा दोन्ही हातांत धरून आत घेऊन आला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, मिस्त्री, बसा, आणि लाजू नका. ह्यांनी काकडी मोडली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्याला तीन नंबर असा लागला चालायला, की संध्याकाळी लोकांच्या न्हाणीघरातून पाणी जिना उतरून रस्त्यावर."

लेक तोंडावर पदर धरून हसत होती. जावईही हसला, खरंच हसला, आणि मला वाटलं, जिंकलं. ताट आता आत जात नाही.

"आणि साहेबाचा त्रास?" त्याने विचारलं.

"गेला. स्वतःच चहा फुर्र करून प्यायला लागला. पुढे अकरा वर्षं दोघं एका टेबलाला जेवले, गुण्यागोविंदाने."

मिस्त्रीने वाटी खाली ठेवली. मिशीवरचा रस्सा पालथ्या हाताने पुसला.

"साहेब आमच्या खोलीत एकदाही जेवला नाही," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "त्रास ह्याला व्हायचा. पायरीवर जा म्हणून ह्यानेच सांगितलं मला. मी उठलो नाही. मग हाच डबा घेऊन बाहेर गेला आणि अकरा वर्षं पायरीवर जेवला. पावसात छत्री धरून."

मग भाताचं भांडं स्वतःकडे ओढत तो म्हणाला,

"जावईबापू, पायरी आपल्या दारालाही आहे. दुपारी ऊन नसतं तिथे."