अंगठ्याची साक्ष

सोमवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. स्थळ, रुग्णालयाच्या तळघरातील निर्जंतुकीकरणाची खोली. पुढे मेट्रनबाईंनी विचारले, तेव्हा वाफवाल्याने वेळ आणि स्थळ याच काटेकोरपणे सांगितले.

सव्वीस वर्षे तो शस्त्रक्रियेच्या कापडांना वाफ देत होता. घड्या पत्र्याच्या गोल ड्रममध्ये भरायच्या, ड्रमच्या कडेची पट्टी सरकवून भोके उघडायची, ड्रम यंत्रात लावायचा. बाहेर काढताच तीच पट्टी अंगठ्याने लोटून भोके बंद करायची. या कामाने अंगठ्याला घट्टा पडला होता.

आज वरून घाई झाली होती. दोन्ही ड्रम वर जाऊन पाव तास लोटला होता. यंत्र निवत होते आणि छताखालच्या नळ्या थांबून थांबून टकटक करीत होत्या. चहाचा कप उचलता उचलता वाफवाल्याचा हात थबकला. दुसरा ड्रम वर गेला तेव्हा त्याची पट्टी बंद होती, हे त्याने पाहिले होते. मात्र ती लोटल्याचे अंगठ्याला आठवत नव्हते. न लोटता बंद, याचा अर्थ एकच होता. ती उघडलीच गेली नव्हती.

“मावशी, दुसऱ्याची भोकं उघडायची राहिली.”

घड्या घालणाऱ्या मावशींनी मान वर केली नाही. “वरची टेप काळी झाली ना? मग झालं.”

“टेप बाहेरच्या वाफेनं काळी होते. आत वाफ गेलीच नाही. कापड कच्चं आहे.”

“कशावरून?”

“अंगठ्यावरून.”

“अंगठ्यापायी लोकांच्या जमिनी गेल्या, तुझी नोकरी जाऊ दे. दोन मेमो झालेत तुझे. तिसऱ्याला घरी बसवतात. आणि तुला विचारलंय कुणी? आपण इथले उंदीर, बाबा. उंदरानं वर जाऊन भाषण करायचं नसतं.”

हे त्याला नवे नव्हते. वडील त्याला खाण्यापुरता म्हणत. थोरला भाऊ तेवढेही म्हणत नसे. बारा वर्षांपूर्वी, बायको गेल्यावर, तो प्रार्थनामंदिराच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी तो पाळकांना म्हणाला होता, “मी कुणीच नाही, साहेब. माझ्यावर वेळ घालवू नका.” पाळक वाद घालण्यात पटाईत होते. ते म्हणाले, “ख्रिस्तानं तुझ्यासाठी जीव दिला. त्याला पारख नव्हती, असं म्हणायचंय का तुला?” तेव्हापासून तो ताठ चालू लागला होता.

परंतु त्या प्रश्नाची दुसरी धार त्याला आज लागली. ‘मी कुणीच नाही’ या म्हणण्यात नम्रता होती, तशी सोयही होती. जो कुणीच नाही, त्याची चूकही कुणाची नसते. ज्याची किंमत वधस्तंभावर मोजली गेली, त्याला ही सवलत उरत नाही.

तो उठला.

“जिना चढशील, पण उतरताना कोण असशील?” मावशी म्हणाल्या. आता त्या वर पाहत होत्या.

‘प्रभू, पाय माझे आहेत, चालव तू,’ असे पुटपुटत तो तीन मजले चढला. शस्त्रक्रियागृहाबाहेर एक मुलगी आईचा चष्मा हातात धरून बसली होती. “किती वेळ लागेल हो?” तिने विचारले. चपला काढून, सव्वीस वर्षांत कधीही न ओलांडलेली लाल रेघ त्याने ओलांडली आणि दार ढकलले.

“हा कोण?” डॉक्टरांनी विचारले.

“वाफ मी देतो. दुसऱ्या ड्रममधलं कापड घेऊ नका. कच्चं आहे. चूक माझी.”

परिचारिकेने ड्रमकडे पाहिले. डॉक्टरांचा चिमटा हवेतच राहिला.

“दुसराच उघडलाय,” ते म्हणाले. “दोन घड्या पोटात आहेत. टेप तर काळी दिसतेय. पुरावा काय?”

“पुरावा नाही.”

“म्हणजे तुम्ही सांगताय म्हणून?”

“मी सांगतोय म्हणून.”

असे वाक्य त्याने आयुष्यात प्रथमच उच्चारले होते. डॉक्टरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि मग परिचारिकेला म्हणाले, “घड्या काढा. सगळं बदला.” दार लावले गेले. तो परतला, तेव्हा ती मुलगी पदराने चष्म्याची स्वच्छ काच पुन्हा पुन्हा पुसत होती.

अकरा वाजता मेट्रनबाई तळघरात उतरल्या. त्यांनी सारे ऐकून घेतले, लिहून घेतले, त्याची सही घेतली.

“त्या बाई?” त्याने विचारले.

“शुद्धीवर आल्यात. आत काही शिरलंय का, ते चार दिवस कळणार नाही.”

नळ्या अजून टकटकत होत्या. मावशींचे हात घडीवर थांबले होते. मेट्रनबाईंनी कागद दुमडला.

“तुम्हाला काढलंय,” त्या म्हणाल्या. “पत्र चारपर्यंत येईल. तोवर दुपारचे ड्रम तुम्हीच लावा. दुसऱ्या कुणाच्या हातचे मी आज वर नेणार नाही.”