चेहरा तुमचा, चित्र माझं

कमलिनीबाईंनी आयुष्यभर मोठ्या माणसांची नाकं वेडीवाकडी काढली आणि त्यावर जर्मनीत घर चालवलं. नाशिकहून त्या चित्रकला शिकायला कासेलला गेल्या आणि परत यायच्या ऐवजी फ्रँकफुर्टच्या एका व्यंगचित्र मासिकात चिकटल्या. सुरुवातीला त्यांना नुसती मथळ्यांची अक्षरं काढायला मिळायची. एकदा मुखपृष्ठाचा चित्रकार आजारी पडला, तेव्हा त्यांनी एक मंत्री स्वतःच्याच पुतळ्याला हार घालताना काढला. अंक हातोहात खपला आणि मंत्री कोर्टात गेला.

मासिकाच्या वकिलाने माफीचा मसुदा तयार ठेवला होता. सहीसाठी त्याने पेन पुढे केलं, तर बाईंनी त्याच पेनने मसुद्याच्या पाठीवर न्यायाधीश काढले. खटला मासिक हरलं. उरलेले अंक दुकानांतून उचलावे लागले आणि संपादकांनी बाईंना बरेच दिवस मुखपृष्ठाच्या आसपास फिरकू दिलं नाही. माफीवर सही मात्र बाईंनी केली नाही. पुढे मुखपृष्ठ त्यांच्याकडे परत आलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यांचंच राहिलं.

आता मासिक बंद पडलं होतं, बाई सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या आणि गुडघ्यांना तिकडची थंडी सोसेनाशी झाली होती. म्हणून यंदाचा हिवाळा काढायला त्या कतारमधल्या दुखानला भाचीकडे आल्या होत्या. भाची नमिता. तिचा नवरा गुरुप्रसाद तेलक्षेत्रातल्या एका कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर. त्याचे साहेब देवव्रत कारखानीस हेच तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष.

दिवाळीच्या कार्यक्रमात मावशींनी स्टेजवर बसून लोकांची गमतीची चित्रं काढावीत, अशी कल्पना कारखानीसांचीच. कागदावर कॅमेरा लावला होता, त्यामुळे रेघ उमटली की ती मागच्या पडद्यावर दिसायची. शेवटचं चित्र अध्यक्षांचं, असं ठरलं होतं.

कार्यक्रमाची सुरुवात ढोल-लेझीमने झाली. वाजवणारे बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पमधून बसने आले होते. बांधकामावरची माणसं, सुट्टीच्या दिवशी वाळूत सराव केलेली. त्यांनी हॉल दणाणून सोडला. बायकांनी व्हिडिओ काढले, कारखानीसांनी पाठ थोपटली.

मध्यंतरात बाई पाय मोकळे करायला बाहेर गेल्या. पार्किंगच्या टोकाला बस उभी होती आणि तिच्या पायऱ्यांवर बसून ती सगळी मंडळी पाकिटातला बिर्याणीभात खात होती. आत बासुंदी-पुरीची पंगत चालली होती.

"आत का नाही बसलात?" बाईंनी विचारलं.

ढोलवाल्यांचा म्होरक्या धोंडीराम उठून उभा राहिला. "फॅमिली प्रोग्राम हाय ना, मावशी. अध्यक्षसाहेब म्हनले, बॅचलर लोकांनी भाईरच बसा."

"बॅचलर? तुझं लग्न नाही झालं?"

"झालंय की. दोन पोरं हायती. पन ती बार्शीला."

आत येऊन बाई स्टेजवर बसल्या आणि त्यांनी कारखानीसांना समोर खुर्ची दिली.

आधी पडद्यावर भुवया उमटल्या, मग ते लांबट नाक, मग रेशमी कुडत्यातलं पोट. लोक खुशीत हसू लागले. मग बाईंनी त्या पोटाभोवती दाराची चौकट काढली. कारखानीस दोन्ही हात पसरून दार अडवून उभे होते, एका हातात बासुंदीची वाटी. दाराबाहेर एक ढोल उभा होता, त्याला दोन पाय फुटले होते आणि हातात पाकीट होतं. खाली बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: फक्त फॅमिली.

हसू एकेक करून विझलं. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि थांबवली.

"खलास, मावशी. जोक पुरे झाला," कारखानीस माइकवर म्हणाले. कॅमेरा बंद झाला. मग ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "तो कागद मला द्या."

"चित्र माझं आहे," बाई म्हणाल्या. "चेहरा तुमचा आहे, तो न्या घरी."

घरी पोचल्यावर गुरुप्रसाद म्हणाला, "मावशी, अप्रेझल त्यांच्या हातात आहे."

"माहीत आहे मला. घर तुझं आहे. तू सांगितलंस तर उद्या बॅग भरते, त्याचा मला राग येणार नाही. पण माफी मागणार नाही."

नमिता नवऱ्याकडे बघत राहिली. तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी कारखानीस चहाला आले. आवाज गोड होता. मावशींनी मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात, गैरसमज झाला म्हणून. विषय संपेल.

बाई तोंड उघडणार तेवढ्यात गुरुप्रसाद म्हणाला, "गैरसमज कसला, सर? ते लोक बाहेरच जेवले ना?"

"गुरू, तू विचार करून बोल."

"रात्रभर तोच केला, सर. पुढच्या वर्षी तेही आत जेवणार असतील, तर मी मंडळाच्या कमिटीत राहतो. नाहीतर माझं नाव काढा."

कारखानीसांनी चहा अर्धा ठेवला. संध्याकाळपर्यंत बाई, नमिता आणि गुरुप्रसाद तिघांनाही ग्रुपमधून काढून टाकलं होतं. महिन्याभराने गुरुप्रसादला मिळायची बढती दुसऱ्याच कुणाला मिळाली. घरात दोन दिवस फार वाईट गेले. नमिता रडली, गुरुप्रसादने बाईंशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी तोच दारात येऊन म्हणाला, "मावशी, शुक्रवारी बिरकतला यायचं का? धोंडीरामचा नंबर मिळवलाय मी."

कॅम्पबाहेरच्या कॅफेटेरियात तिकडचा कडक, दुधाळ करक चहा मागवून बाई बसल्या. त्या चित्राची बातमी इथवर पसरली होती. टेबलाभोवती गर्दी झाली. पहिला नंबर धोंडीरामचा. बाईंनी दया दाखवली नाही. कान सुपासारखे काढले, मिशी ढोलाच्या दोरीसारखी, नाक तर पार कागदाच्या कडेपर्यंत.

पोरं पोट धरून हसत होती. धोंडीरामने कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला.

"मावशी, नाक लईच मोठं झालं."

"आहेच तेवढं," बाई म्हणाल्या. "कारखानीसांचं काढलं तर तुझं का सोडू? बस नीट. अजून हनुवटी राहिलीय."

धोंडीराम पाठ ताठ करून बसला.