वाटी रिकामी पाठवू नये

आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मध्येच जी चौकोनी खिडकी उघडते, तिच्यातून एक बाई वाटी पुढे करते. वाटी स्टीलची, वर झाकण, झाकणावर निरोप लिहिलेला. 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे.' 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे.' हात कोपरापर्यंत बाहेर येतो, हिरव्या बांगड्यांसकट, आणि वाटी घेईपर्यंत तसाच राहतो. घेतली की खिडकी मिटते, पण बोटभर फट उरते, कारण वाटी परत जायची असते.

मला भीती वाटली नाही, वैताग मात्र आला. अकरा ते बारा हा मुकुंदचा तास आहे.

मुकुंद माझा नवरा. साताऱ्यात आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, तो भूगोल, मी गणित, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खुपलं. गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, शब्द गेले. ज्याने तीस वर्षं मुलांकडून नद्या घोकून घेतल्या, त्याला 'पाणी' म्हणता येईना. मग बोलायला पुन्हा शिकवणाऱ्या शिरवळकर मॅडमनी कॉम्प्युटरवर धडे लावून दिले. चित्र येतं, मुकुंद शब्द शोधतो, सापडला तर म्हणतो. आलेला शब्द मी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहिते. आठ महिन्यांत पाणी आलं, मीठ आलं, 'ये' आलं, खुर्ची, छत्री, कोयना आली. माझं नाव आलं नाही. प्रमिला हे काही अवघड नाव नाही. तो 'कोयना' म्हणाला त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या आणि मोरीत जाऊन रडले. नदी आठवते आणि बायको नाही, याचा मला राग आला होता. तो अजून आहे.

पहिल्यांदा खिडकीने रीतसर विचारलं होतं: 'सूचना दाखवू का?' खाली 'हो' आणि 'नको'. दारात आलेल्याला कोणी नको म्हणतं का? मी 'हो' दाबलं. वाटीत चमचाभर शिरा होता, बेचव. मी वाटी घासली, पुसली आणि चिमूटभर साखर घालून फटीतून परत दिली. वाटी रिकामी पाठवू नये, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. ते हातालाच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तीन वाट्या आल्या. आठवड्याने एका वेळी नऊ हात बाहेर होते. पडदा पुरेना तेव्हा तो रुंद झाला, आधी टेबलाएवढा, मग भिंतभर. हात स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले. मी आडवी होऊन जायला शिकले. साखर संपली, दाणे संपले, पोहे, हरभऱ्याची डाळ, सुकं खोबरं. कॉम्प्युटर बंद करून पाहिला, वायर काढून पाहिली. हात तसेच राहिले, फक्त मुकुंदचा धडा बुडाला. भीड ही भिकेची बहीण, असं मी फळ्यावर सुविचार म्हणून लिहीत आले, आणि घरात माझाच हात डब्यातून वाटीत आणि वाटीतून डब्यात. एका जागी बसणं असं उरलंच नाही.

गुरुवारी साखर आणायला खाली वाण्याकडे गेले. वर आले तर मुकुंद वाटी तोंडाशी धरून उभा होता. तो वाटीत वाकला आणि स्वच्छ म्हणाला, "छत्री." मग झाकण लावून त्याने वाटी परत दिली.

"भरून पावले," आतली बाई म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा एक खिडकी पूर्ण मिटली.

दुसऱ्या दिवशी धड्यात छत्री आली. मुकुंदने तिच्याकडे दुसऱ्याची चप्पल बघावी तसं पाहिलं. मी कॅलेंडर उलटलं. छत्रीची चौकट कोरी होती, पेनाचा वळसुद्धा नव्हता.

त्यानंतर साखर कोणी घेईना.

"ते नको. यांनी दिलं होतं ते द्या," बाई म्हणाली.

मी वाटीत तोंड घालून 'समीकरण' म्हणाले. बाईने झाकण उचलून वास घेतला. "हे शिळं आहे हो ताई. यांचं ताजं असतं."

मी मुकुंदला गॅलरीत बसवलं, तो आत आला. बेडरूमला बाहेरून कडी घातली, तर त्याने इतक्या शांतपणे दार वाजवलं की मलाच लाज वाटली. मी आंघोळीला गेले की एक शब्द जायचा. भाजी फोडणीला टाकली की एक. मीठ गेलं, खुर्ची गेली. मी अर्धवट ओल्या केसांनी बाहेर धावत यायचे आणि तो मला रिकामं झाकण दाखवायचा, पाहुण्यांचं नीट केलं अशा समाधानाने. मी ओरडायचे, "अरे, तुझे आहेत ते! आठ महिने लागलेत!" तो मान हलवायचा. पाणी कुठल्या दिवशी गेलं, ते मला कळलंही नाही.

शेवटी मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या फडतऱ्यांना बोलावलं. मुकुंदचे जुने विद्यार्थी, आता केस पिकलेले. त्यांनी आत आल्यावर पिशवी पडद्यातून आलेल्या एका हाताला अडकवली आणि खुर्ची ओढली.

"परवानगी दिलेली घरं," त्यांनी एक यादी उघडून दाखवली. बेचाळीस नावं होती. "ह्या सगळ्यांना तुम्ही हो म्हणलाय, मॅडम."

"मी एकालाच म्हणाले होते."

"एकाला म्हणलं की ते बाकीच्यांस्नी सांगतंय." एकेक नाव खोडत गेले तसतसे हात आत गेले. पिशवीचा हात त्यांनी शेवटी ठेवला होता. त्यातली वाटी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. हात आत गेला, फट राहिली. "यादी साफ झाली. आता एवढी वाटी परत दिली की सगळं बंद हुतंय. पण रिकामी द्यायची."

"रिकामी?"

"रिकामी. हितंच अडकत्यात सगळे. आमच्या आईनं तर शेवटी देवातली घंटा घातली." त्यांनी मुकुंदला वाकून नमस्कार केला. "येतो सर." मुकुंदने त्यांच्याकडे पाहिलं आणि हसला. त्यांचं नाव तर त्याला आलेलंच नव्हतं, आता 'ये'सुद्धा उरलं नव्हतं.

मी वाटी घासली. दोनदा पुसली. कॅलेंडरची सगळी पानं उलटून पाहिली, सगळ्या चौकटी कोऱ्या. म्हणजे मुकुंदकडे द्यायला काहीच नाही, वाटी रिकामीच जाणार. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची शरमही वाटली. उद्यापासून पुन्हा पाण्याच्या चित्रापासून सुरू करू, असं मी ठरवलं.

मी वाटी फटीपाशी नेली. आतून बोटं आली, त्यांनी काठ धरला, तळाला चाचपलं.

"रिकामी?" बाईने विचारलं. आवाजात राग नव्हता. थोडं वाईट वाटलेलं होतं.

मुकुंद उठला. ज्याच्या दारातून पोस्टमनही कधी पाण्यावाचून गेला नाही, त्याला हा प्रश्न ऐकवेना. त्याने माझं मनगट धरून वाटी आपल्याकडे वळवली. बाईनेही काठ सोडला नाही. आम्ही तिघांनी ती धरली होती. मुकुंद वाकला. कपाळाला आठ्या घालून तो शोधू लागला, धड्यात शोधायचा तसा, पण कितीतरी खोल. मग त्याने वाटीवरून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे एकदम स्वच्छ झाले. त्याला सापडलं होतं.

मी मोकळा हात त्याच्या तोंडावर दाबला.

तळव्याखाली त्याचे ओठ मिटले आणि उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. आता फक्त 'ला' उरलं होतं.