जावयाची बायको

चार बहिणींत ती धाकटी, आणि घरात तिचं नाव पडलं होतं चौकशी. पाहुणा दारात चपला काढतो न काढतो तोच "कधी निघालात, वाटेत काय खाल्लंत, सोबत कोण होतं" अशी सरबत्ती सुरू. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत तिने चाळिशी ओलांडली, पण खोड काही गेली नाही. गिऱ्हाइकाच्या नंबराबरोबर त्याच्या घरच्यांची खबरबातही तिच्याकडे असायची.

थोरल्या बहिणीने परदेशात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं स्थळ आणलं. "फारकत झालीय, पण माणूस सरळ आहे," ती म्हणाली. फोनवरच्या पहिल्याच बोलण्यात चौकशीने विचारलं, "अहो, लिफ्टचा दोर तुटला तर?"

तो हसला. एक नाही, अनेक दोर असतात. सगळे तुटले तरी लिफ्टखालचे चिमटे दोन्ही बाजूंच्या रुळांना गच्च पकडतात आणि ती जागीच थांबते, हे त्याने इतकं रंगून सांगितलं, की थोरली मध्येच कंटाळून स्वयंपाकघरात निघून गेली. इतक्या वर्षांत त्याच्या कामाबद्दल त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या फोनला तिने दुसरा प्रश्न टाकला. "पहिल्या घराशी काही संबंध उरलाय का?"

"तिने दुसरं लग्न केलं, दुसऱ्या देशात गेली. आता काही नाही," तो म्हणाला.

"बरं झालं," थोरली मागून म्हणाली. "पाटी कोरी असलेली बरी."

लग्न झालं, ती त्याच्याकडे आली, आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरायची वेळ आली. नवरा तिथला नागरिक, म्हणून त्याच्या नात्याने अर्ज. लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, छातीचा एक्स-रे, दोघांच्या नावाचं विजेचं बिल, एकत्र काढलेले फोटो. नवरा वैतागला. तिला मात्र मजा वाटत होती. नसत्या चौकशा करणारं एखादं सरकारही असतं, हे पाहून तिला आपल्याच माणसांत आल्यासारखं वाटलं.

कागद गेले, मुलाखतीचं बोलावणं आलं. दोघांना वेगवेगळं बसवून एकमेकांबद्दल विचारतात, असं कळल्यावर जेवणाच्या टेबलावर उजळणी सुरू झाली. बायको चहात साखर किती घालते? नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो? कुठली मेव्हणी कितवी? नवरा बहिणींच्या क्रमात दर वेळी घसरायचा. चौकशीचं सगळं पाठ होतं. त्याच्या लहानपणी मोडलेल्या हातापासून ते दुपारच्या डब्यात तो आधी काय संपवतो इथपर्यंत.

फक्त गुरुवार सोडून.

गुरुवारी तो अर्धा दिवस काम करायचा. दुपारी घरी यायचा आणि पुन्हा निघायचा. "जुन्या इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या असतात," तो म्हणायचा. पण त्या दुपारी तो परत दाढी करायचा. इस्त्रीचा शर्ट घालायचा. आणि संध्याकाळी आला की हातांना ग्रीसचा वास नसायचा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला इस्त्रीचा शर्ट कोण घालतं? जिने आयुष्यात कुणाला सोडलं नाही, तिने हा एक प्रश्न गिळला. पहिल्यांदाच तिला उत्तराची भीती वाटत होती.

मुलाखतीची खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत पाणी न घातलेली कुंडी. पिकल्या केसांच्या अधिकारी बाई, आणि टेबलावरच्या फोनमधून बोलणारा मराठी दुभाषा. आधी नवऱ्याला आत घेतलं, मग त्याला बाहेर बसवून तिला.

चौकशी घडाघडा उत्तरं देत गेली. इतकी, की दुभाष्याला म्हणावं लागलं, "ताई, जरा थांबत थांबत सांगा."

"तुमचे पती गुरुवारी दुपारी काय करतात?" फोनमधून प्रश्न आला.

"जुन्या लिफ्ट तपासतात."

बाईंचं पेन थांबलं. "नक्की?"

"तसं ते सांगतात."

बाई उठल्या, दार उघडून नवऱ्याला आत बोलावलं, आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत असं सरळ सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याला इथली भाषा येत होती, पण तो बायकोकडे वळून मराठीतच बोलू लागला, आणि फोनमधला दुभाषा मागोमाग भाषांतर करत राहिला.

"मी सासऱ्यांना भेटायला जातो. म्हणजे, तुझ्या वडिलांना नाही... तिच्या, पहिलीच्या. त्यांना मुलीनेच इथे आणलं होतं. ती गेली, ते राहिले. वृद्धाश्रमात असतात. तिथे मराठी कुणालाच येत नाही गं. आठवड्याचं बोलणं साठवून ठेवतात आणि मी गेलो की..."

दुभाषा अडखळला. "साहेब, सासरे म्हणू की माजी सासरे?"

"सासरेच म्हणा," नवरा म्हणाला. "मला खोटं सांगायचं नव्हतं. ताईंनी कोरी पाटी म्हटलं, मग तोंड उघडेना. आज यांच्यासमोर मात्र खोटं बोलवेना."

अधिकारी बाईंनी तिला विचारलं, "तुम्हाला हे खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं. पण लिफ्टचं नसतं, एवढं माहीत होतं."

"कसं?"

"शर्टावरून."

"मग विचारलं का नाही?"

चौकशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटलं, दुसरी बाई असेल."

दुभाष्याने भाषांतर केलं. मग बाईंनी काहीतरी लिहिलं आणि निर्णय नंतर कळेल, कदाचित पुन्हा बोलवू, असं सांगून त्यांना जायला सांगितलं.

बसथांब्यावर दोघं उभी राहिली. तो म्हणाला, "रागावलीस?"

"रागावलेच. इथून हाकलतील मला आता, तुमच्या कोऱ्या पाटीपायी." ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "किती वय त्यांचं?"

"पंच्याऐंशीच्या आसपास."

"दात आहेत?"

"कवळी. रागावले की काढून ठेवतात."

"कशाला रागावतात?"

बस आली तरी प्रश्न संपले नव्हते. उतरताना तिने ठरवून टाकलं. "येत्या गुरुवारी मी येते."

वृद्धाश्रमाची इमारत स्वच्छ होती, मजल्यांवर फिनेलचा वास. म्हातारबुवा खिडकीजवळ बसले होते, अंगात लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, नाकावर एका बाजूला कललेला चष्मा. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे चौकशी ती तूच."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने कान खाजवला.

"सगळं सांगतो मला," म्हातारबुवा म्हणाले. "बस. भाजीत मीठ कमी घालतेस म्हणे. का? रक्तदाब आहे? आईवडील आहेत? पहिला नवरा कशाने गेला? तुम्ही दोघं भांडता का? कोण आधी बोलतं?"

जन्मात पहिल्यांदा चौकशीला उलटा प्रश्न घालायला फट सापडेना. अधिकारी बाई परवडल्या, असं तिला वाटलं. उत्तरं देता देता तिने त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, काड्या बोटांत धरून हलकेच वाकवल्या, आणि परत त्यांच्या कानांवर बसवला. म्हातारबुवांनी प्रश्न न थांबवता मान डावी-उजवी करून बघितली आणि "हं" म्हणाले.

परिचारिका औषधं घेऊन आली. ही कोण, असं तिने विचारलं. म्हातारबुवांनी मोडक्यातोडक्या भाषेत ऐटीत सांगितलं, "माझ्या जावयाची बायको."

"अच्छा, म्हणजे तुमची मुलगी!"

"नाही, नाही. जावयाची बायको."

"पण जावयाची बायको म्हणजे मुलगीच ना?"

"असं कुणी सांगितलं?" म्हातारबुवा तिच्यावरच डाफरले. परिचारिका बिचारी डोकं हलवत गेली. नवऱ्याने भाषांतर केलं तशी चौकशीला हसू आवरेना. मग तीही विचारात पडली. नणंद, जाऊ, भावजय, विहीणबाई, सगळ्यांना आपल्या भाषेत हाक आहे. नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या वडिलांना काय म्हणायचं?

"मी तुम्हाला काय म्हणू?" तिने विचारलं.

"'अहो' म्हण. तशी हाक मारणारी जाऊन बरीच वर्षं झाली."

"चला, काहीतरीच!"

"मग तू ठरव. चौकशी तू आहेस, मी नाही."

तिने ठरवलं नाही. पण पुढच्या गुरुवारी ती गेली, त्याच्या पुढच्यालाही. नवऱ्याला काम निघालं तर एकटी जायची. मुलीबद्दल म्हातारबुवा कधी बोलत नसत. एकदा मात्र तिने विचारलंच, "आठवण येते?" त्यांनी कवळी काढून पेल्यात ठेवली. बराच वेळ दोघं खिडकीबाहेरच्या गाड्या बघत होती. मग त्यांनी कवळी परत घातली आणि म्हणाले, "येते. तिच्या आईसारखं हसते ती. तुझ्या आईचं हसणं कसं होतं?" तिने सांगितलं. सांगताना तिच्याच लक्षात आलं, की हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दरम्यान कार्यालयाकडून कळत काहीच नव्हतं. टपालाची पेटी वाजली की नवरा दचकायचा. पुन्हा बोलावतील, खोटं ठरवतील, अशी धास्ती त्याने घेतली होती. थोरली फोनवर सगळं ऐकून आधी मेव्हण्यावर चिडली, मग म्हणाली, "सासऱ्याला टाकलं नाही, तर तुलाही टाकायचा नाही. मला विचारशील तर बरंच झालं."

मग एक दिवस बोलावणं आलं. मुलाखतीचं नव्हतं. कायमच्या वास्तव्याचं कार्ड तयार होतं, येऊन घेऊन जा एवढंच.

खिडकीमागे दुसरंच कुणीतरी होतं. तिने सही केली, कार्ड हातात घेतलं, त्यावरचा आपला फोटो उलटसुलट पाहिला. दाराकडे वळली तेवढ्यात आतल्या बाजूने त्याच पिकल्या केसांच्या अधिकारी बाई हातात चहाचा कप घेऊन येताना दिसल्या. तिने नवऱ्याची बाही ओढली.

"विचारा त्यांना. आमची उत्तरं जुळली नाहीत तरी कार्ड कसं दिलंत?"

नवऱ्याने संकोचत विचारलं. बाई म्हणाल्या, ते सांगायची परवानगी नाही. चौकशीने मान डोलावली. सगळीच उत्तरं मिळत नसतात, हे तिला कळत होतं, पटत नव्हतं एवढंच.

बाई दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या, आणि मागे वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" चौकशीने विचारलं.

नवरा हसत होता. "विचारतात, त्या म्हाताऱ्यांना भेटलीस का."

चौकशी परत फिरली आणि खिडकीशी येऊन उभी राहिली. आज गुरुवार नव्हता, घाई नव्हती. "सांगा त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि काही गाळू नका." आणि तिने कवळीपासून सुरुवात केली.