दाजींचा हात आणि दिव्यांची दांडी

दाजींच्या मोटरसायकलवरची जादा दिव्यांची दांडी तिसऱ्यांदा सैल झाली, तेव्हा धाकटीला राग आला नाही, नवल वाटलं. एकदा सैल झाली तर बोल्टची चूक, दुसऱ्यांदा झाली तर मिस्त्रीची, असं ती गिऱ्हाइकांना सांगत असे. तिसऱ्यांदा कोणाची, हे तिनं कधी ठरवलंच नव्हतं, कारण तिच्या गॅरेजातून बाहेर पडलेलं काम तिसऱ्यांदा परत येत नसे. हे आलं होतं, तेही घरच्या माणसाचं आणि नेमकं निघायच्या दिवशी सकाळी.

दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान. तीस वर्षं लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून त्यांची अशी गत झाली होती की माणूस नावानं आठवत नसे, नाकानं आठवे. पंचावन्न उलटल्यावर त्यांनी लांब पल्ल्याची ही भारदस्त मोटरसायकल घेतली आणि जाहीर केलं की बायकोला मागे बसवून आठ दिवस डोंगरात फिरवून आणणार. डोंगरात धुकं, म्हणून मोठ्या दिव्याखाली एक आडवी दांडी आणि तिच्यावर दोन जादा दिवे. दांडी दोन बोल्टांवर उभी, आणि बोल्ट धाकटीच्या भरवशावर.

थोरली गॅरेजातल्या स्टुलावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. दोन बॅगा पायाशी. "मी सरळ सांगते," ती म्हणाली, "ही दांडी खाली चाकाच्या तोंडाशी आहे. उतारावर निखळली आणि चाकात गेली तर आपल्याला गोळा करायला माणसं लागतील. आज पक्की झाली तर मी येते. नाही तर बॅगा घरी, आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"ऐकलंस ना?" दाजी धाकटीला म्हणाले. "माझा आठ दिवसांचा संसार तुझ्या दोन बोल्टांवर आहे. नसेल जमत तर सांग, मेहुणीबाई, दुसरीकडे दाखवतो. आपल्यात काय संकोच."

"दाखवा की. मग त्यालाच मेहुणा म्हणा."

धाकटीनं दांडी धरून हलवली. खट् खट् वाजली. पहिल्या वेळी तिनं वॉशर बदलले होते. दुसऱ्या वेळी आट्यांना निळं औषध लावलं होतं. ते बोल्टच्या आट्यांत वाळून बसतं आणि हादऱ्यानं सुटू देत नाही. ते औषध लावलेला बोल्ट सैल झालेला तिनं अजून पाहिला नव्हता. तिनं बोल्ट काढून उजेडात धरला. निळा थर गोल फिरून पावडरीसारखा तुटला होता. हादऱ्याचं काम असं नसतं. हा बोल्ट कोणीतरी पान्यानं फिरवला होता.

आता तिच्या डोक्यात भुंगा शिरला. गाडी रात्रंदिवस घरात. घरात माणसं दोन. एकाला जायची घाई, दुसरीला अटी. धाकटीनं मनातल्या मनात दोघांना समोरासमोर उभं केलं आणि तिची नजर आपोआप स्टुलाकडे गेली.

"ताई, जरा इकडे ये. टायर दाखवायचेत."

टायरच्या ढिगामागे नेऊन तिनं हळूच विचारलं, "खरं सांग. तुला जायचं नाही ना?"

थोरलीनं पाय पुढे केला. पायात नवे, घोट्यापर्यंतचे बूट होते. "चार दिवस घरात घालून फिरतेय, चावू नयेत म्हणून. भांडी घासतानाही घातले. जायचं नसतं तर एवढे फोड कशाला सोसले असते?"

"मग बोल्ट कोण सैल करतं?"

"म्हणजे माझ्यावर आळ? अगं, पान्याची कुठली बाजू धरायची तेही मला ठाऊक नाही. लहानपणापासून तुझं हे असंच. काही हरवलं की आधी माझा खिसा."

धाकटी ओशाळली. काहीतरी गोड बोलावं म्हणून ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर टायरच्या फटीतून गाडीकडे गेली. दाजी दुसऱ्या, न काढलेल्या बोल्टपाशी उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा पाना होता. त्यांनी बोल्ट आवळला, चांगला कचकचून. आणि मग त्यांचं मनगट हलकेच, एखाद्याच्या गालावरून हात फिरवावा तसं, उलटं वळलं. पाव फेरा. दाजींनी बोल्टवर प्रेमानं थाप मारली आणि उठले.

धाकटीनं बहिणीचा दंड धरला. "पाहिलंस?"

"काय?"

"गप्प राहा आणि बघ."

ती बाहेर आली, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं तिनं दोन्ही बोल्ट नीट बसवले, आणि बारीक ब्रशनं प्रत्येक बोल्टवरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. रंग वाळेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "दाजी, तुम्ही हे रोज आवळता का?"

"रोज सकाळी. निगा राखतो म्हणून तर अजून पडली नाही. नाहीतर तुझ्या कामावर विसंबलो असतो तर झालंच होतं."

"मग एकदा तुमच्या हातानं आवळा. नाजूक कामाला तुमच्यासारखा हात नाही."

दाजींची छाती दोन बोटं फुगली. त्यांनी आवळलं, थाप मारली, उठले. बोल्टवरची रेघ एकीकडे, पट्टीवरची दुसरीकडे.

"हे काय?" दाजी म्हणाले.

"आवळल्यावर तुम्ही मागे फिरवता."

"मी? वेडी आहेस का? मी कशाला मागे फिरवीन?"

"पुन्हा करा. पण बोल्टकडे नका बघू. हाताकडे बघा."

त्यांनी पुन्हा केलं, आपल्या मनगटावर चष्म्यातून नजर रोखून. मनगट आवळायला गेलं, थांबलं, आणि आपल्याच मर्जीनं पाव फेरा मागे आलं. हात हवेत, पाना हातात. कोणा परक्याच्या हाताकडे पाहावं तसं ते बघत होते.

"काडीचा स्क्रू," ते म्हणाले. "चष्म्याच्या काडीचा. पूर्ण आवळला तर काडी मिटत नाही. म्हणून आवळायचा आणि एक केस मागे घ्यायचा. गुरूनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तीस वर्षं तेच करतोय."

"तिथं केसभर," धाकटी म्हणाली. "इथं पाना मोठा, म्हणून पाव फेरा."

थोरलीनं हेल्मेट खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत चाललं होतं. "थांबा. स्वयंपाकघरातल्या खणाची मूठ कोण बसवतं?"

"मी."

"कुकरचा दांडा?"

"मीच."

"बाथरूमच्या दाराची कडी, ती खुर्ची, गावच्या घरी तुमच्या आईंच्या काठीची टोपी? वीस वर्षं मी सुतारांना नावं ठेवतेय."

दाजींनी जिद्दीनं पुन्हा पाना लावला. तीन वेळा आवळला, तीनही वेळा हात मागे आला. तिसऱ्या वेळी तर त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरून ठेवलं होतं, तरी. ते उठले आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "मग राहू दे. मला हात लावल्याशिवाय राहवणार नाही, आणि लावला की सैल होणार. वाटेत काही झालं तर... बॅगा घरी नेऊ या."

हे ऐकून धाकटी थबकली. आतापर्यंत कोडं सुटल्याच्या आनंदात तिला वाटलं होतं की काम झालं.

थोरली उठली. नव्या बुटांत लंगडत ती दाजींपाशी आली आणि त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. "कुठली बाजू धरायची ते दाखव," ती धाकटीला म्हणाली.

धाकटीनं बोल्ट काढून ताजं निळं औषध लावलं, पुन्हा बसवले आणि दाखवलं. थोरलीनं आवळलं. हात अडला तिथं थांबली. दुसरा बोल्टही तसाच. हात मागे आला नाही. त्याला मागे यायचं काही कारणच नव्हतं. धाकटीनं जुन्या रेघा पुसून दोन्ही बोल्टांवर नव्या सरळ रेघा ओढल्या.

"आता अर्धा तास कोणी हात लावायचा नाही," धाकटी म्हणाली. "वाटेत फक्त रेघ बघायची. रेघ सरळ तर सगळं सरळ. तुटली तरच पाना."

"आणि पाना माझ्याकडे," थोरली म्हणाली, आणि तो जाकिटाच्या आतल्या खिशात टाकून तिनं चेन ओढली.

अर्ध्या तासानं दोघं मागच्या खडबडीत गल्लीतून एक चक्कर मारून आली. धाकटी कान लावून उभी होती. इंजिनाशिवाय काही वाजलं नाही. थोरलीनं बसल्या जागेवरून वाकून दोन्ही रेघा पाहिल्या. ती उतरली नाही. "बॅगा बांध," ती म्हणाली.

धाकटी बॅगा बांधत असताना दाजी हँडलवरचा आपला उजवा हात उलटसुलट करून न्याहाळत होते.

"मला सांगा," ते म्हणाले, "हा हात मला न विचारता आणखी काय काय करत असेल?"

"आठ दिवस आहेत," थोरली मागून म्हणाली. "मी बघत बसेन. तुम्ही रस्त्याकडे बघा."