चष्मेवाल्यांची गाडी

तळहातावर ती स्प्रिंग इतकी हलकी होती की डोळे मिटले असते तर आहे की नाही तेही कळलं नसतं… तिनं बोटाच्या टोकानं ती उलटी केली. तार बारीक, वेढे विरळ. उरलेल्या दोन स्प्रिंगा शेजारी कापडावर पडल्या होत्या — आखूड, दणकट, एकीसारखी दुसरी. ही तिसरी गाडीची नव्हतीच. बटण दाबलं की टक्‌ करून टोक बाहेर येतं, तसल्या पेनातली होती ती. कुणीतरी बेतानं कापून आत बसवलेली.

कुणीतरी म्हणजे कोण? हे इंजिन आजवर एकदाच उघडलं गेलं होतं, तीन वर्षांपूर्वी, याच टेबलावर. बाबांच्या हातून.

सकाळी टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा तिला दुखणं नुसत्या आवाजावरून कळलं होतं. बटण दाबलं की सेल्फची मोटर जीव तोडून फिरायची आणि इंजिन मात्र ढिम्म. तरी तिनं घाई केली नाही. बॅटरी तपासली, ती भरलेली होती. ऑइल बोटावर घेऊन पाहिलं, भलतंच जाड काही कुणी घातलेलं नव्हतं. इंजिन थंड असताना चारातून एकदा पकडत होतं, गरम झाल्यावर एकदाही नाही. मग ऑइल काढलं, डावं कव्हर उतरवलं, पुलर लावून मॅग्नेटचं जड चाक ओढलं आणि त्याच्या पाठीला धरून बसलेला सेल्फचा क्लच हातात आला. त्याचं काम एवढंच, की मोटर इंजिनाला फिरवते तेव्हा घट्ट धरायचं आणि इंजिन आपलं आपण धावू लागलं की सोडून द्यायचं. तीन रोलर, प्रत्येकाच्या पाठीशी एक स्प्रिंग. एक जरी मवाळ निघाली तरी तिचा रोलर मागे राहतो आणि भार उरलेल्या दोघांवर येतो. ते दोघे आता एका अंगानं चपटे झाले होते.

आणि सेल्फ पकडेना म्हणूनच या गाडीचे मालक, चष्मेवाले काका, महिन्यापूर्वी चढावर उभे राहून किक मारत होते… किक उलटी आली. घोटा दोन ठिकाणी मोडला. त्रेसष्टाव्या वर्षी मोडलेलं हाड धड जुळत नाही म्हणे. आता काठी आली, ती बहुधा कायमचीच. दुकानात दिवसभर उभं राहून लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारा माणूस.

बाबांनी पेनातली स्प्रिंग घालावी? ज्या माणसाला सारा बाजार नुसता ‘मिस्त्री’ म्हणून ओळखतो, जणू गावात दुसरा मिस्त्रीच नाही. ज्यानं शेजारच्या गॅरेजवाल्याला एकदा गिऱ्हाइकांदेखत सुनावलं होतं की दोरीनं बांधायचं असेल तर गाठोडं बांध, गाडी बांधू नकोस… तिला पहिल्यांदा जे वाटलं त्याची तिला लाज वाटली. बरं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं. म्हणजे तेही चुकत होते तर. अकरा वर्षं या माणसाच्या हाताखाली ‘पुन्हा खोल, पुन्हा बसव’ ऐकलं मी…

नवे रोलर शोधायला तिनं भिंतीतला खण ओढला. वायसर, जुन्या चाव्या, आणि तळाशी एक न फोडलेलं पाकीट. तीन रोलर, तीन स्प्रिंगा. पाकिटावर पेन्सिलीनं, बाबांच्या आडव्या अक्षरात, या गाडीचा नंबर आणि खाली एक शब्द — बोलावणे.

ती स्टुलावर बसली.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सुटा भाग मिळत नव्हता, मागवला होता, येईपर्यंत चार दिवस चालावं म्हणून ती तडजोड. भाग आला, नंबर लिहिला गेला, बोलावणं मात्र राहिलं. कारण त्याच आठवड्यात बाबा या इथेच, पाना हातात असताना, एका कुशीवर कलंडले. उजवा हात गेला, जीभ गेली. पंधरा दिवसांनी पहिला शब्द फुटला तोही अर्धामुर्धा. च… चश्मे… चश्मेवा…

आठवण अशी अंगावर आली की हातातलं पाकीट तिनं खाली ठेवलं. किती आनंद झाला होता तिला आणि आईला! बाबा बोलले, बाबांना चष्मा हवाय. दुसऱ्याच दिवशी तिनं काकांना घरी बोलावलं. काका आले — याच गाडीवरून — पेटी उघडली, डोळे तपासले, नंबर बदललाय म्हणाले. बाबा त्यांचा हात सोडेनात. मान हलवत राहिले, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. सगळ्यांना वाटलं, उपकाराचं पाणी आहे. नवा चष्मा आला, बाबांनी तो लावलाच नाही. आई म्हणाली, आजारी माणसाची लहर. आणि हळूहळू तो शब्दही त्यांनी टाकून दिला.

हात काम करत होते. तिनं रोलरची घरं पेट्रोलनं धुतली. आत पुसट ओरखडा, त्यापलीकडे काही नाही. नवी पहिली स्प्रिंग, तिच्यापुढे रोलर. दुसरी. तिसरी अंगठ्याखालून निसटली, उडाली आणि टेबलाच्या कडेवर आपटून थांबली.

तशीच उडाली होती तेव्हा.

ती आणि बाबा, दोघं गुडघ्यांवर, चुंबक घेऊन फरशी धुंडाळत होती; स्प्रिंग काही सापडली नाही. ती सारखी घड्याळाकडे बघत होती. दुसऱ्या शहरातल्या कोर्सचा अर्ज, शेवटचा दिवस, कचेरी पाचला बंद. बाबांना सांगितलं नव्हतं, अर्ज खिशात होता… आणि त्या कचेरीच्या खिडकीशी तिनं पुढच्या बाईकडे पेन मागितलं होतं. हे तिला लख्ख आठवलं, त्या बाईच्या हिरव्या बांगडीसकट. का मागितलं? माझं पेन कुठं गेलं होतं?

पेन माझं होतं.

पण हात? ते पेन बाबांनी मागितलं आणि मी दिलं, की मीच उघडून, ‘आता एवढ्यावर भागवा, मला जायचंय,’ म्हणाले, आणि त्यांनी पोरीच्या तोंडाकडे बघून पहिल्यांदाच ‘पुन्हा खोल’ म्हटलं नाही… तिनं त्या दुपारकडे पुन्हापुन्हा पाहिलं. फरशी दिसत होती, चुंबक दिसत होता, स्प्रिंग बसवणारी बोटं काही दिसेनात. अर्जाचं पुढे काहीच झालं नव्हतं. बाबा पडले आणि गॅरेज तिच्याकडे आलं.

तिसरी स्प्रिंग बसली. दातेरी चाक हातानं फिरवून पाहिलं. एका बाजूला मोकळं, दुसऱ्या बाजूला जागच्या जागी घट्ट. बोल्ट, कव्हर, नवं ऑइल. बटण दाबलं आणि इंजिन पहिल्या फटक्यात उठलं. एरवी या आवाजानं तिला बरं वाटायचं.

पाचच्या सुमाराला काका पुतण्याला घेऊन आले. गाडी आता पुतण्याच नेणार होता. काठी टेबलाला टेकवून त्यांनी विचारलं, काय निघालं? तिनं दिवसभर जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि त्याऐवजी ती म्हणाली, “स्प्रिंग कमजोर होती, काका. रोलर झिजले होते.”

“जुनी झाली ना. माझ्यासारखीच.” ते हसले. “किकवर पाय मीच वाकडा ठेवला, बाळ. तुझ्या वडिलांचा हात लागलेली गाडी, तिला कशाला बोल लावू?”

तिनं चावी त्यांच्या हातात दिली. काका, थांबा, असं ती म्हणाली असं तिला वाटलं. पण ते दोघे थांबले नाहीत, तेव्हा म्हणाली नसावी.

घरी बाबा खिडकीशी खुर्चीत होते. तिनं त्यांच्यासमोर चहा ठेवला, कप डाव्या हातात दिला, आणि उभ्याउभ्याच सांगितलं, की चष्मेवाल्यांची गाडी आज उघडली.

ती खाली बसली. “बाबा, तेव्हा तुम्ही तेच सांगत होता. मला नाही कळलं.”

कळलं असावं त्यांना, कारण मान हळूच खाली गेली. मग तिनं विचारलं. विचारू नये असं वाटत असताना विचारलं. “ती स्प्रिंग कुणी घातली होती? मी?”

“मी.”

तीन वर्षांत इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. ना अडखळ, ना लाळ.

“पेन माझं होतं, बाबा.”

“मी,” ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

सकाळपासून तिला हेच तर हवं होतं; अपराध कुणाचा ते एकदा ठरावं. आता ठरलं होतं आणि ते खरं की पोरीला वाचवायला म्हटलेलं, हे या जन्मात कळणार नव्हतं. तिला अचानक त्यांचा राग आला. इतक्या वर्षांत कधी आला नव्हता असा. लहान मुलीच्या हातून फुटलेलं भांडं बाप आपल्या अंगावर घेतो तसं त्यांनी हे घेतलं होतं आणि तिच्यासाठी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. द्या ना ते मला… निम्मं तरी. उद्या दुकान उघडलं की मी काकांसमोर जाऊन उभी राहीन, आणि ते काठी सावरत वर बघतील, तेव्हा मी सुरुवात ‘मी’नं करायची की ‘बाबांनी’नं? बाबा खिडकीबाहेर बघत होते, निवांत, ओझं उतरल्यासारखे. आणि ती त्यांच्या पायाशी बसून, मनातल्या मनात ते वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा जुळवत होती.