बोटठेवे सर

"बोट ठेवा," साहेबराव सर म्हणाले आणि वर्गात एकच गोंधळ उडाला.

कुणाचं पान फुगून एकेक अक्षर लाडवाएवढं झालं, कुणाची ओळ निळी पडली, कुणाचा धडा भलत्याच पानावर जाऊन बसला. मोईनच्या टॅबमधल्या बाईनं तर परवानगी न घेता खणखणीत आवाजात वाचायलाच सुरुवात केली. पोरं हसून हसून बाकांवर आडवी झाली. सरही हसले, पण जरा उशिरा. काचेवर बोट टेकलं की पान जागचं हलतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गारखेड्यातल्या त्या कॉलेजात सर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी शिकवत. शिकवण्यात त्यांचं फार मोठं नाव होतं अशातला भाग नाही. नाव झालं ते या दोन शब्दांमुळं. धडा सुरू करताना ते न चुकता म्हणत, "पुस्तक उघडा, पहिल्या ओळीवर बोट ठेवा." मिसरूड फुटलेली पोरं सुरुवातीला कुरकुरत, आम्ही काय पहिलीत आहोत का म्हणत, आणि मग त्यांच्याही नकळत ठेवू लागत. पोरांनी सरांचं बारसंही करून टाकलं होतं: बोटठेवे सर. एका मुलीचे वडील एकदा ऑफिसात येऊन 'बोटठेवे सर कुठं भेटतील' असं अगदी अदबीनं विचारू लागले, तर शिपायानं त्यांना सरळ साहेबरावांपुढं आणून उभं केलं. सरांनी चहा पाजला, आडनाव काही दुरुस्त केलं नाही.

ही सवय मुळात त्यांच्या आईची. आवडाबाई वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदे निवडायची. संध्याकाळी हातपाय धुऊन ती साहेबरावच्या शेजारी टेकायची, तो मोठ्यानं धडा वाचायचा आणि ती ओळीखाली बोट ठेवायची. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. मुलगा थांबला की बोट थांबायचं, तो निघाला की निघायचं. मधेच चुलीवरचं बघायला उठली आणि परत आली की विचारायची, "कुठं आलो रं आपण?" मग साहेबराव तिचं बोट धरून नेमक्या शब्दावर नेऊन ठेवायचा. त्याच्या सगळ्या पुस्तकांना कांद्याचा वास येई आणि शाळेत पोरं त्याला चिडवत.

आई जाऊन आता बरीच वर्षं लोटली होती. पण वर्गातली सगळी बोटं एका ओळीवर टेकली की सरांना वाटे, ती कुठंतरी मागच्या बाकावर येऊन बसली आहे. तेवढ्यासाठी ते कॉलेजात येत असं म्हटलं तरी चालेल. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

यंदा कॉलेजात टॅब आले. मराठीच्या कपाटात वर्गापुरत्या पुस्तकांचा संच होता, तो काढून तिथं टॅब चार्ज करायची सोय करायची, असं प्राचार्यांनी ठरवलं. सरांचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी एक वाट मोकळी ठेवली. मुलांनाच विचारा, म्हणाले; त्यांना हवं असेल तर तुमच्या तासाला पुस्तकं राहू देत. सर मनातून खूश झाले. पोरं आपलीच आहेत, असा त्यांचा समज होता.

वर्गातला तो बोटांचा गोंधळ आणि हसणं ओसरल्यावर त्यांनी तोच विषय काढला. मोकळेपणानं बोला, माझी भीड धरू नका, असं सांगून ते खुर्चीत बसले.

पहिली उठली श्रेया. टॅबवर वाचून तिचं डोकं दुखायचं, तिला पुस्तकच बरं वाटायचं. सरांनी मान डोलावली. पण तिच्या मागून जो उठला तो टॅबच्या बाजूनंच उठला. पुस्तकांचं ओझं होतं. शब्द अडला तर अर्थ तिथल्या तिथं मिळतो. शिवराजनं तर प्रामाणिकपणे सांगून टाकलं की धड्याच्या आडून मॅचचा स्कोअर बघता येतो. वर्ग हसला. सरांना हसू आलं नाही.

मग मोईन उभा राहिला. तो कॉलेज सुटलं की वाळूजला कंपनीत सेकंड शिफ्टला जायचा.

"सर, परतीच्या बसमदी लाइट बंद आस्ते, सगळे झोपलेले राह्यतात. ह्याच्यात अंधारात बी अक्षर दिसतं. माझा सगळा आभ्यास त्या बसमदीच व्हतो. पुस्तक आस्तं तर झालाच नसता."

सरांनी त्याला बसायची खूण केली. झेबाचा हात केव्हाचा अर्धवट वर होता, तिच्याकडं ते वळले.

"सर, आमच्या अम्मीला मराठी वाचता येत नाय, पण समजतं सगळं," ती म्हणाली. "मी टॅब बोलता करून ओट्यावर ठेवते. ती भाकरी थापता थापता धडा ऐकते. मधीच कुणी दारावर आलं, काही झालं, तर म्हणते, ठैर, कहाँ तक आए अपन? मग मी मागं नेऊन परत लावते."

सर तिच्याकडं बघतच राहिले.

"काय म्हणतात अम्मी?"

"कहाँ तक आए अपन," झेबा म्हणाली, आणि आपलं काही चुकलं का म्हणून शेजारणीकडं बघू लागली.

सर उठले आणि फळा पुसू लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पुसून झाल्यावर त्यांनी टॅबच्या बाजूचे हात वर करायला सांगितलं. श्रेया सोडून जवळजवळ सगळा वर्ग वर झाला. मग सरांनीही आपला खडूचा हात वर केला. त्यांना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, पण रागवावं असं कुणी सापडेना.

कपाट त्यांनी स्वतःच रिकामं केलं. पुस्तकं गोण्यांत भरून माळ्यावर गेली. आपल्यापुरती एक प्रत तेवढी त्यांनी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या फळ्यांवरून वायरी लोंबू लागल्या.

त्या दिवशी हिमरू शाली विणणाऱ्या एका बाईचा धडा होता. सर पुस्तक घेऊन उभे राहिले, चष्मा चढवला आणि सवयीनं बोलून गेले, "बोट ठेवा."

बोलले आणि त्यांनी जीभ चावली. आता हसू फुटणार म्हणून ते पुस्तकात बघत थांबले.

कुणी हसलं नाही. त्यांनी मान वर केली. मोईननं टॅबवर बोट धरलं होतं, पण काचेवर टेकवलं नव्हतं, किंचित वर अधांतरी धरलं होतं. त्याचं बघून झेबानं धरलं. मग शिवराजनं, श्रेयानं, बाकीच्यांनी. सगळी बोटं पहिल्या ओळीच्या वर थांबली होती. एकही पान हललं नाही.

सरांनी वाचायला सुरुवात केली. बोटं अवघडतील म्हणून ते भराभर वाचू लागले, मग घाई करवेना म्हणून पुन्हा सावकाश. वाचता वाचता अक्षरं पुसट झाली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत चढवला, आणि बघतात तर ओळच सापडेना. त्यांचं स्वतःचं बोट पानावरून निसटलं होतं.

"कुठं आलो रं आपण?" त्यांनी विचारलं.

"'पुन्हा'पाशी, सर," झेबा म्हणाली. "'ती पुन्हा मागावर बसली.'"

सरांनी 'पुन्हा' शोधला, त्याच्याखाली बोट ठेवलं आणि पुढं वाचू लागले.